वैमानिकांना सांगितलंस, मला नाही

विनय,

तुझ्यावर चिडून लिहायला बसले आहे, हे आधीच सांगून टाकते. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. ते काम इतरांनी करून झालं आहे. घर भरून माणसं आली, सोफ्याच्या कडेवर टेकली, म्हणाली, किती शांत माणूस, कधी आवाज चढवला नाही, कधी कुणाला 'असं कर' म्हणून सांगितलं नाही. मी मान डोलावत चहा देत होते. सगळं खरंच होतं. आता तुझा भाऊ नाशिकला परत गेला, माझी बहीण अंजू शारजाला, अल नहदाच्या तिच्या फ्लॅटवर परतली, आणि सई तिच्या खोलीत फिजिक्स घेऊन बसली आहे. बारावीची परीक्षा तोंडावर आली आहे. घरात भांडायला दुसरं कुणी नाही, आणि तसंही मला तुझ्याशीच भांडायचं आहे.

लोकांना तुझं काम समजावून सांगताना माझी नेहमी पंचाईत व्हायची. इथे अल ऐनमधल्या आपल्या मराठी मंडळींत कुणी नवीन भेटलं की विचारायचं, "म्हणजे तुम्ही एअर ट्रॅफिक कंट्रोलर का?" यावर नुसतं 'हो' म्हणायला काय जात होतं? पण तू लगेच दुरुस्त करायचास, "नाही नाही, कंट्रोल नाही. फक्त माहिती." समोरच्याचा चेहरा पडायचा आणि मी टेबलाखालून तुझ्या पायावर पाय मारायची. मोठ्या विमानतळाच्या टॉवरमधला माणूस हुकूम देतो. तुझी धावपट्टी वाळवंटाच्या कडेला, लहानशी. तिथे शिकाऊ वैमानिक, हौसेने विमान बाळगणारे चार श्रीमंत, त्यांची ती खेळण्यासारखी विमानं. तू रेडिओवर त्यांना सांगणार, वारा कुठून आहे, किती आहे, समोरचं किती लांबपर्यंत दिसतंय, आकाशात आसपास दुसरं कोण आहे, धावपट्टी मोकळी आहे की नाही. आणि मग, पुढचं तुम्ही ठरवा. 'उतरा' नाही, 'उतरू नका' नाही. मी दुसरीच्या वर्गाची बाई. दिवसभर बसा, उठा, रांग करा, बोट तोंडावर. मला कळायचंच नाही, की ज्या खुर्चीवर बसून कुणाला साधं 'थांब' म्हणता येत नाही ती खुर्ची हवी कशाला.

बरं, हे काम तू तिथेच ठेवून आला असतास तर एक वेळ चाललं असतं. पण तू ते घरी घेऊन यायचास. चहात साखर आहे का विचारलं, तर "मी घातलेली नाही. तू घातलीस का ते मला माहीत नाही." डब्यात भात उरलाय का, तर "सकाळी होता." सकाळी होता! जुनी माहिती किती वाजताची ते न सांगता देणं हे काहीच न सांगण्यापेक्षा वाईट, असं तुझं म्हणणं. मी कपाळाला हात लावायची. आणि तरी सांगते, मी शाळेतून दमून आल्यावर तू दारातच हळू आवाजात जे सांगायचास ना, ते मला फार आवडायचं. "सई घरी आली आहे. गणिताचे मार्क मिळालेत. खोलीचं दार बंद आहे, पण आदळलेलं नाही." एवढं ऐकून मी चप्पल काढेपर्यंत ठरवायची, की आत जाऊन विचारायचं की आधी कणीक मळायला घ्यायची.

मला गाडी शिकवलीस तीही अशीच. या गावात चौकाचौकाला ते गोल सर्कल, आणि मी प्रत्येक सर्कलला घाम पुसत उभी. शेजारी बसून तू म्हणायचास, "डावीकडून पांढरी गाडी येते आहे. वेग बराच आहे. तिच्यामागे कुणी नाही." मी ओरडायची, "अरे, थांबू की जाऊ ते सांग ना!" मागून लोक हॉर्न वाजवतायत, कुणी तरी हात बाहेर काढून यल्ला यल्ला, चला चला करतंय, आणि तू काचेतून बाहेर बघत बसलेला. त्या वेळी वाटायचं, उतरून चालत घरी जावं. पण एक दिवस तू बोलायचा थांबलास आणि माझ्या लक्षातही आलं नाही, कारण मी स्वतःच डावीकडे बघून निघाले होते. इथे ज्या बाईला गाडी येत नाही तिचे पाय बांधलेले असतात. माझे तू सोडवलेस. आज मी एकटीने ज्या ज्या कचेऱ्यांत जाऊन येते आहे ती तुझ्यामुळे, आणि सर्कलला थांबले की बाजूच्या रिकाम्या सीटकडे बघून मला रडू फुटतं तेही तुझ्यामुळे.

आपलं खरं भांडण एकच होतं. बाकी सगळी त्याची पिल्लं. आठवतं, ती शिकाऊ मुलगी, सईपेक्षा जेमतेम मोठी, पहिल्यांदाच एकटीने विमान घेऊन वर गेली होती आणि खाली धुकं दाटलं? इथलं हिवाळ्यातलं धुकं असंच, बघता बघता येतं. ती रेडिओवर विचारत होती, उतरू का, मी उतरू का? आवाज कापत होता म्हणालास. आणि तू तिला सांगत राहिलास, धावपट्टीवर किती दिसतंय, वारा किती आहे, जवळचा दुसरा विमानतळ मोकळा आहे, कुठल्या दिशेला आहे, किती लांब आहे. तिने परत विचारलं की परत तेच, नवीन आकडे घालून. शेवटी तिने विमान वळवलं आणि तिकडे सुखरूप उतरली. घरी आलास तो वर आलाच नाहीस. मी गॅलरीतून पाहिलं, गाडी खाली लागलेली, तू आत स्टिअरिंगवर हात ठेवून बसलेला. मी खाली आले, शेजारी बसले, सगळं ऐकून घेतलं आणि भडकले.

"पोरगी रडकुंडीला आली होती. 'येऊ नकोस' एवढं म्हणायला तुझं काय जात होतं?"

"बाई," तू मला चिडवायचं असलं की बाई म्हणायचास, पण त्या दिवशी चिडवत नव्हतास. "मी खाली खुर्चीत बसलोय. तिच्या काचेतून काय दिसतंय ते मला दिसत नाही. मी 'नको' म्हटलं आणि तिच्याकडे तेवढं इंधनच नसलं तर? मी 'ये' म्हटलं, तर ती बाहेर बघायचं सोडून माझं ऐकेल. मला जे जे माहीत आहे ते सगळं तिला द्यायचं. स्वतःकडे काही ठेवायचं नाही. तेवढंच माझ्या हातात आहे."

मी म्हटलं, हे हात झटकणं झालं. तिने चुकीचं ठरवलं असतं तर? तू स्टिअरिंगवरचे हात खाली घेतलेस. मग म्हणालास, तर तो आवाज जन्मभर ऐकत बसलो असतो. मला ते पटलं नाही, आणि मी तसं सांगितलं. मग वर जाऊन आपण पिठलं-भात खाल्ला.

ते भांडण कधी मिटलंच नाही. तुझ्या आईच्या गुडघ्याच्या वेळी, अंजूच्या जवळ अल नहदाला राहायला जायचं की नाही त्या वेळी, सईने सायन्स घ्यायचं की कॉमर्स त्या वेळी, प्रत्येक वेळी तू सगळं टेबलावर मांडायचास, फायदे, तोटे, न कळलेलं ते 'कळलेलं नाही' म्हणून. मग म्हणायचास, निर्णय तुझा. मी चुटकीसरशी ठरवून मोकळी. आणि फसलं की तुलाच बोलायची, की तुला माहीत होतं तर मला अडवलं का नाहीस. तू हसायचास. सईच्या बाबतीत मात्र मला मध्ये बोलू दिलं नाहीस. तिला सगळं सांगितलंस आणि फिजिक्स तिचं तिने निवडलं. कधी कधी मला वाटायचं, तुम्हा दोघांची वेगळीच फ्रिक्वेन्सी आहे आणि मला ती लागत नाही.

आता त्या दिवसाचं लिहायला हवं. माझा हात पुढे जात नाही, पण लिहिते.

त्या सकाळी धुकं होतं. तू आकाशी शर्ट घातलास, डबा घेतलास, "निघतो" म्हणालास. मी वर्गात पोरांकडून पाढे म्हणून घेत होते तेव्हा इक्बालभाईंचा फोन आला. तुझ्याबरोबर इतकी वर्षं काम केलेला दापोलीकडचा माणूस, एरवी फोन उचलला की आधी "काय वहिनी, आज कोणाला अंगठे धरायला लावलंत?" म्हणणार. त्या दिवशी नुसतं म्हणाले, "वहिनी, तुम्ही निघा. गाडी स्वतः चालवू नका." एवढ्यावर मला कळलं. दवाखान्यात पोचले तोवर सगळं संपलं होतं. डॉक्टरीण बाई तरुण होत्या, दमलेल्या होत्या. हात धरून हिंदीत म्हणाल्या, की हृदयाचं ऑपरेशन लवकर करून घ्या असं त्यांना आधीच सांगितलं होतं, आपको तो पता होगा.

मी हो म्हटलं, विनय. मी म्हटलं, "हां, पता था." नवऱ्याच्या छातीत काय चाललंय हे बायकोला ठाऊक नाही, हे त्या परक्या बाईसमोर कबूल करायची मला लाज वाटली. तू आत पांढऱ्या चादरीखाली, आणि मी बाहेर तुझी अब्रू झाकते आहे की माझी, तेही मला कळत नव्हतं.

पुढे तुला इथेच अग्नी दिला. माणसं आली, गेली. सगळं आवरल्यावर एका संध्याकाळी इक्बालभाई आणि रेहानाभाभी तांदळाच्या भाकरी आणि डाळ घेऊन आले. सई आत होती. मी सरळच विचारलं, तुम्हाला माहीत होतं का? इक्बालभाईंनी टोपी काढली, परत घातली. म्हणाले, "वहिनी, थंडी लागल्यापासून तो माइकवर बसतच नव्हता. तुम्हाला नाय सांगितलंन?"

तुमच्या कामाचा नियम मला तेव्हा पहिल्यांदा कळला. ज्याची तब्येत ठीक नाही त्याने माइकवर बसायचं नाही. डॉक्टरांनी सांगितलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी तू स्वतःहून साहेबांकडे गेलास आणि म्हणालास, मला माइकवरून उठवा. इक्बालभाईंना म्हणालास, "बोलता बोलता मला काही झालं, तर वर असलेल्याला काय ऐकू येणार? नुसती शांतता." साहेब भला माणूस. त्याने तुला खालच्या खोलीत बसवलं, शिकाऊ पोरांना हवामान समजावून द्यायला, मार्च संपेपर्यंत. मग ऑपरेशन, मग नोकरी सोडून कायमचं नाशिकला, असं तू ठरवलंस. ऑपरेशन आधी केलं आणि तब्येतीमुळे नोकरी मध्येच सुटली तर पुढे काय, हे मला कुणी सांगायला नको. इथे राहणाऱ्या प्रत्येकाला ते पाठ असतं. नोकरीवर व्हिसा, व्हिसावर घर, घरावर शाळा. खालचं एक निघालं की वरचं सगळं येतं. आणि सईचं बारावीचं वर्ष.

"मला बोलला, वहिनीला मीच सांगतो," इक्बालभाई म्हणाले. "मला वाटलं, सांगितलं असणार. त्याच्यासारखा माणूस लपवेल असं कोणाला वाटेल?"

मला तरी कुठे वाटलं होतं? तू रोज तोच शर्ट घालून, तोच डबा घेऊन निघत होतास. संध्याकाळी मी विचारायची, आज काय विशेष? तू सांगायचास, सकाळी धुकं होतं, दुपारी वारा वाढला, कुणीतरी पहिल्यांदा एकट्याने उडालं. सगळं खरं! एक शब्द खोटा नाही. फक्त ते कुठल्या खुर्चीवर बसून पाहिलंस तेवढं सांगितलं नाहीस. आकाशातल्या अनोळखी माणसांशी तू इतका प्रामाणिक राहिलास, की त्यांच्यासाठी स्वतःची खुर्ची सोडलीस. आणि जिच्या शेजारी झोपत होतास तिला मात्र 'माहिती उपलब्ध नाही'.

मी तुला काय काय विचारलं आहे या घरात, ऐकू आलं का? न्हाणीघरात नळ सोडून विचारलं. गाडीत काचा वर करून विचारलं. तुझा तो शर्ट धुवायला टाकायचं धाडस होत नाही, त्याच्यात तोंड खुपसून विचारलं. का रे? मी काय केलं असतं? मग उत्तरही मीच देते, कारण मला ते येतं. मी आरडाओरडा केला असता. संध्याकाळच्या आत तिकिटं काढली असती. सईचं वर्ष गेलं असतं तर गेलं असतं, तुला उचलून नाशिकच्या दवाखान्यात नेऊन टाकलं असतं. तुला हे पक्कं माहीत होतं. म्हणून तर सांगितलं नाहीस. आयुष्यभर पडद्यांच्या रंगापासून सगळे निर्णय माझ्या ओंजळीत टाकलेस आणि ज्याच्यावर आपलं सगळं अवलंबून होतं तो एक तू एकट्याने घेतलास. सांग ना, मी इतकी वाईट होते का रे, की मला माझ्याच नवऱ्याबद्दल कळू नये?



इक्बालभाई निघताना दारात म्हणाले, "पोरीला आत्ता सांगू नका वहिनी. परीक्षा होऊ दे, इन्शाल्ला मग बघू." अंजूचंही तेच. फोनवर मला दटावून म्हणाली, मुलगी कोसळेल, तू तोंड उघडू नकोस. त्यांचंही बरोबर होतं. बाबांनी ऑपरेशन पुढे ढकललं ते आपल्या परीक्षेसाठी, हे सतराव्या वर्षी कळलं तर पोर ते घेऊन कुठे जाणार? जन्मभर प्रत्येक मार्कामागे तिला तूच दिसणार. व्हिसाला अजून अवधी आहे, शाळेने तिला सांभाळून घेतलं आहे, परीक्षेपुरतं सगळं उभं आहे. मी गप्प बसले असते तर निभावलं असतं.

पण गप्प बसले की मी तूच होत होते. ती टेबलावर गणितं सोडवायची आणि मी समोर शेंगा सोलत बसायची, आणि मला ओरडावंसं वाटायचं. आज ना उद्या तिला कळणारच. रेहानाभाभीच्या तोंडून, साहेबांच्या तोंडून, कुणाच्याही. आणि त्या दिवशी ती माझ्याकडे तशीच बघेल, जशी मी तुझ्या फोटोकडे बघते आहे. नवरा गेला तो गेला, मला मुलगी घालवायची नव्हती. सांगितलं तर ती मोडेल आणि न सांगितलं तर ती माझी राहणार नाही, या दोन्हींच्या मध्ये मी कितीतरी दिवस लटकत होते. जेवण जात नव्हतं. शाळेत एका पोराला कारण नसताना इतकं रागावले, की तो पूर्ण तास माझ्याकडे बघतच राहिला.

गेल्या शुक्रवारी शाळा लवकर सुटली. आम्ही दोघी घरी आलो, मी वरण-भात वाढला. आणि तिचा दुसरा घास व्हायच्या आत सांगून टाकलं. डॉक्टर, ऑपरेशन, माइक, साहेब, मार्च. तुझ्या पद्धतीने सांगायचा प्रयत्न केला, जेवढं माहीत तेवढं, ठिगळ न लावता. माझा आवाज फाटत होता, पण सगळं सांगितलं.

सईने चमचा खाली ठेवला. म्हणाली, "आय नो, आई."

मला आधी कळलंच नाही.

"आय नो. बाबांनी मला सांगितलं होतं."

मग तिने जे सांगितलं ते तुला माहीत आहे, पण मी लिहिते, कारण मला ते एकदा नजरेसमोर मांडून बघायचं आहे. तू तिला फिजिक्सच्या क्लासला सोडायला निघाला होतास. मध्येच गाडी कडेला घेतलीस, धोक्याचे दिवे लावलेस, आणि छातीवर हात ठेवून बसलास. तिने घाबरून मला फोन करायला घेतला, तू तिचा हात धरलास. तिने सरळ विचारलं, काय झालंय? आणि सरळ विचारलं की तुला खोटं बोलता यायचं नाही, हे त्या कारटीला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. तू सगळं सांगितलंस. ती म्हणाली, बाबा, आत्ता ऑपरेशन करा, मी वर्ष ड्रॉप करते, मला काही वाटणार नाही. तू म्हणालास, "नाही सई. हा निर्णय माझा."

"ही नेव्हर टॉक्ड लाइक दॅट, आई," ती म्हणाली. "आय डिडन्ट नो व्हॉट टू से." आणि मग तू तिला म्हणालास, आईला सांगू नकोस. वेळ आली की मी सांगेन.

मी म्हटलं, "आणि तू ऐकलंस?" माझा वर्गातला आवाज आपोआप लागला. लगेच जीभ चावली, पण शब्द निघून गेला होता.

ती माझ्याकडे बघत म्हणाली, "आय थॉट, इफ आय टोल्ड यू, यू वुड शाउट. अँड ही वुड डाय."

विनय, तुझ्या सगळ्या शहाणपणाचं हे असं झालं. साहेबांना सांगितलंस, ठीक. इक्बालभाईंना अर्धंमुर्धं, ठीक. पण ज्या मुलीचं वर्ष वाचावं म्हणून तू मरणाशी सौदा केलास, तिच्याच हातात ते मरण देऊन तिला गप्प राहायला सांगितलंस? शेवटचे काही महिने ती रोज सकाळी तुझी बॅग घेऊन खाली गाडीपर्यंत यायची. मला वाटायचं, वाह, पोरगी मोठी झाली, बापावर जीव आहे. ती तुला जिना चढ-उतर करू देत नव्हती, लिफ्टचं बटण स्वतः दाबत होती. रात्री अभ्यास दिवाणखान्यात करायची, मी दिव्यासाठी ओरडायची, आणि ती आपल्या दोघांच्या खोलीच्या दाराशी बसून तुझा श्वास ऐकत असायची. हे सगळं मी रोज बघत होते आणि मला काही दिसलं नाही. एवढ्याशा जिवाला तू राखणीला बसवलंस रे. मला का नाही? माझा आवाज मोठा आहे म्हणून? माझे हातही मोठे होते.

तुझ्याबद्दल मला काय काय वाटतं ते एकाच वेळी वाटतं, वेगळं करता येत नाही. तुझ्यासारखं मला कुणी वागवलं नाही. माहेरी मला विचारत नसत, सांगत असत. तू कधी सांगितलं नाहीस, विचारलंस. तुझ्यामुळे मी माणसात आले. आणि तुझ्यामुळेच त्या दिवशी वरण-भाताच्या ताटासमोर माझी मुलगी पांढरीफटक होऊन बसली होती. दोन्ही खरं आहे. मी यातलं एकही सोडणार नाही.

मग तिने मला ते विचारलं. इंग्रजीत नाही, मराठीत विचारलं. लहानपणानंतर तिने माझ्याशी इतकं सरळ मराठीत बोललेलं मला आठवत नाही.

"आई, मी तुला सांगितलं असतं तर बाबा वाचले असते?"

तू असतास तर काय म्हणाला असतास, मला माहीत आहे. शांतपणे म्हणाला असतास, की हे कुणालाच माहीत नाही. खरंही तेच आहे. डॉक्टरीण बाईंनाही सांगता यायचं नाही. कदाचित वाचला असतास. माझ्या त्या आरडाओरड्याने, तिकिटांनी, नाशिकच्या दवाखान्याने कदाचित तू आज सोफ्यावर बसून मला 'सकाळी होता' म्हणाला असतास. मला हे रोज वाटतं. भाजी चिरताना वाटतं, फळ्यावर तारीख लिहिताना वाटतं. मरेपर्यंत वाटत राहील.

मी म्हटलं, "नाही."

तिने विचारलं, "नक्की?"

मी म्हटलं, "नक्की. मी डॉक्टरांना विचारलंय. काहीही फरक पडला नसता."

विचारलेलं नाही, विनय. कुणालाच विचारलेलं नाही. सई उठून माझ्याजवळ आली, माझ्या मांडीवर डोकं ठेवलं, आणि तू गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्याने रडली. वरण-भात गार झाला, माझा पाय सुन्न झाला, तरी मी हलले नाही. तिने परत विचारलं तर परत हेच सांगणार आहे. ती तीस वर्षांची झाली, तिला मुलं झाली, माझ्या म्हातारपणी तिने मला विचारलं, तरी हेच. तिच्या वाटणीचं मी माझ्याकडे ठेवून घेतलं आहे आणि यातलं तिला काही देणार नाही.

तुला हे पटणार नाही. तू म्हणशील, तिला खरं ते सगळं द्यायला हवं होतं. मग भांडायला ये. ये ना रे, विनय. एकदा भांडायला तरी ये.